कॉम्प्युटर इंजिनिअर साखर कारखान्यात पण लागतो, संपादक साहेब

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही कॉम्प्युटर सायन्स नंतर काय म्हणून पानभर छापलं होतं ते वाचलं. वाचलं म्हणजे वाचावंच लागलं, कारण भाचा यंदा बीई कॉम्प्युटर झालाय आणि कॅम्पसमधून काही हाती लागलेलं नाही, त्यामुळं ताईनं ते पान आधी त्याच्या ताटाशेजारी ठेवलं आणि मग माझ्या. पान दिसायला छान होतं, नाही म्हणत नाही. एआय, मशीन लर्निंग, डेटा सायन्स, क्लाउड, सायबर सिक्युरिटी, ब्लॉकचेन, प्रत्येकाला एक चौकोन आणि चौकोनात लॅपटॉप घेऊन हसणारं एक पोरगं. पण साहेब, हे सगळे चौकोन हत्यारांचे आहेत हो. सुताराच्या पोराला विचारावं पुढं काय करणार आणि त्यानं सांगावं 'रंधा', तसं झालं हे. दार कुणाच्या घराचं करणार, चाक कुठल्या गाडीचं करणार, ते कुठंच नाही. आणि शेजारी ४५ लाखांच्या पॅकेजची बातमी, ती वाचून तर भाचा जेवलाच नाही नीट.

म्हणून म्हटलं आपणच लिहावं. मी २०११ ची बीई कॉम्प्युटर. सध्या सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या ईडीपी विभागात, म्हणजे कॉम्प्युटर विभागात आहे. हे सांगितलं की पुण्यातले जुने मित्रमैत्रिणी दोन सेकंद गप्प होतात आणि मग म्हणतात 'अगं पण का?' त्याचं उत्तर पुढं येईलच.

आधी माझं सांगते. आमच्या बॅचला पण कॅम्पसला फार काही झालं नव्हतं. मी मग सी-डॅक या सरकारी संस्थेचा डीएसी हा कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला, आता त्याला पीजी-डीएसी म्हणतात, सहा महिन्यांचा कोर्स, सी-कॅट नावाची एन्ट्रन्स असते आणि वर्षातून दोनदा बॅच निघते. हेच ते सी-डॅक जे १९८८ ला पुण्यात सुरू झालं आणि ज्यांनी विजय भटकरांच्या काळात १९९१ ला परम हा सुपर कॉम्प्युटर केला. तुमच्या पानावर याचं नाव सुद्धा नव्हतं आणि दीड-दोन लाख घेणाऱ्या प्रायव्हेट क्लासच्या जाहिराती मात्र खालच्या बाजूला तीन होत्या, असो. तिथनं मला हिंजवडीत नोकरी लागली, वर्षाला सव्वातीन लाख. आज पंधरा वर्षांनी भाच्याच्या कॉलेजात जी एक मोठी कंपनी आली तिनं किती सांगितले माहितीये, साडेतीन. तेवढ्या काळात पेट्रोल कुठून कुठं गेलं, हिंजवडीतल्या पीजीचं भाडं कुठं गेलं, पण फ्रेशरचा आकडा जागचा हलला नाही. का हलेल, पोरं भरपूर आहेत. २०२४ पासून एआयसीटीईनं, म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेजांना मान्यता देणाऱ्या परिषदेनं, चांगल्या कॉलेजांवरची ब्रँचच्या जागांची कमाल मर्यादाच काढून टाकली, मग कॉलेजांनी सिव्हिल-मेकॅनिकल कमी करून कॉम्प्युटर वाढवलं, एकाच कॉलेजात कॉम्प्युटर, आयटी, एआय-डीएस, एआय-एमएल अशा चार पाट्या आणि शिकवायला तेच सर.

हिंजवडीत मी सात वर्षं काढली. वाईट नव्हती. एका परदेशी इन्शुरन्स कंपनीच्या क्लेमचं सॉफ्टवेअर आम्ही बघायचो, तिकीट म्हणजे तक्रार आली की सोडवायची. पण सात वर्षांत मी तो क्लेम करणारा एकही माणूस पाहिला नाही. मग वडील आजारी पडले, गावी यावं लागलं, सहा महिने रिमोट मागितलं ते मिळालं नाही (हे २०१८, कोविडच्या आधीचं, तेव्हा रिमोट म्हणजे चैन वाटायची लोकांना), राजीनामा दिला आणि घरी बसले. कारखान्याची जाहिरात काकांनी आणून दिली. मला वाटलं होतं टायपिंग करून घेतील.

आता साखर कारखान्यात कॉम्प्युटरवाल्याचं काय काम ते सांगते, कारण बहुतेकांना वाटतं प्रिंटर दुरुस्त करत असेल. तो पण करते म्हणा. पण बघा, शेतकऱ्यानं ऊस लावला की त्याची नोंद, गट नंबर, लागण का खोडवा (तोडलेल्या उसाचा पुन्हा फुटलेला), जात कुठली, ८६०३२ का २६५, कधी लावला. त्यावरनं तोडणीचा कार्यक्रम लागतो, कुणाचा ऊस आधी तुटणार कुणाचा नंतर, आणि या एका यादीवरनं गावात किती भांडणं होतात ते मी पुण्यात असते तर मला कळलं पण नसतं. मग ट्रॅक्टर काट्यावर येतो, भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, मधलं ते उसाचं. मग पंधरवड्याचं बिल. कायदा असा आहे की ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर १५ टक्के व्याज, १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे ते. २०२५-२६ च्या हंगामाला एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला किमान दर, टनाला ३५५० रुपये, पण तो सव्वादहा टक्के उताऱ्याला, उतारा म्हणजे उसातनं किती टक्के साखर निघाली ते, तो बदलला की दर बदलतो, त्यातनं तोडणी-वाहतूक वजा, सोसायटीचं कर्ज वजा, आणि उरलेलं बँकेत जमा. यातली एक जरी पायरी चुकली तर दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस पावती घेऊन समोर उभा असतो. तिकीट नंबर नाही काही नाही, डायरेक्ट माणूस.

एक प्रसंग सांगते. दुसरं वर्ष असेल माझं, डिसेंबरात रात्री दीडला फोन आला, काट्यावरचं वजन कॉम्प्युटरला येईना. काट्याच्या डिस्प्लेवर आकडा दिसतोय पण स्क्रीनवर शून्य. बाहेर ट्रॅक्टरची रांग गेटच्या पार लांब डांबरी रस्त्यापर्यंत, टेप लावलेले सगळ्यांनी, थंडी, आणि चालक लोक खिडकीतनं वाकून बघायला लागलेले. शेतकऱ्याच्या मनात काट्याबद्दल आधीच शंका असते, काटा मारणं, म्हणजे वजन कमी दाखवणं, हा शब्दच आहे आपल्याकडं, त्यात काटा बंद पडला म्हटल्यावर काय बोलणी होतात ते लिहीत नाही. तर झालं होतं असं की दुपारी कुणीतरी काट्यावरचा जुना पीसी बदलून नवीन लावला होता. काट्याची वायर लागते तो सिरियल पोर्ट जुन्याला मागं होता, नव्याला नाही, म्हणून यूएसबीचं कन्व्हर्टर लावलेलं, ते आधी एका यूएसबीत होतं तोवर चाललं, रात्री कुणीतरी मोबाईल चार्ज करायला ते काढून शेजारच्यात घातलं, झालं, कॉम्प्युटरनं त्या जोडणीला दिलेला नंबर कॉम ३ चा कॉम ५ झाला आणि सॉफ्टवेअर बिचारं कॉम ३ वर वाट बघत बसलं. दोन मिनिटांचं काम. पण ते सापडायला मला पाऊण तास लागला आणि त्या पाऊण तासात मी कॉलेजात न शिकलेल्या बऱ्याच गोष्टी शिकले. दुसऱ्या आठवड्यात मी प्रोग्राम बदलला, पोर्ट आपोआप शोधायला लावला, आणि वजन झालं की त्याच क्षणी शेतकऱ्याच्या मोबाईलवर मेसेज जाईल असं केलं. पहिल्या दिवशी एक आजोबा फोन घेऊन खास दाखवायला आले की मला मेसेज आलाय. हिंजवडीतल्या सात वर्षांत मला तीन वेळा ॲप्रिसिएशनचं ईमेल आलं होतं, पण या आजोबांसारखं कुणी चालत आलं नव्हतं.

आणि कुऱ्हाडे. ही या आडनावाची गोष्ट मला सांगायलाच पाहिजे कारण यात खरी कॉम्प्युटर सायन्स आहे. एक शेतकरी आले, म्हणाले माझं अर्धंच बिल जमा झालंय. बघितलं तर आमच्याकडं कुऱ्हाडे दोन, नाव तेच, बापाचं नाव तेच, गाव तेच. स्क्रीनवर डोळे फाडून बघितलं तरी फरक दिसेना. शेवटी अक्षरांचे आतले नंबर काढले तेव्हा कळलं. ते जे ऱ्ह आहे ना, ते युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरात अक्षरांना नंबर देतात त्या पद्धतीत, दोन तऱ्हेनं लिहिता येतं, एकात ऱ हे वेगळंच अक्षर वापरतात आणि दुसऱ्यात साधा र, हलंत, आणि मध्ये एक न दिसणारं चिन्ह. दिसायला दोन्ही सेम टू सेम. गट ऑफिसातल्या मुलानं मोबाईलवरनं नोंद केलेली ती एका पद्धतीची, आणि आमचा जुना डेटा जो कधीकाळी जुन्या फॉन्टातनं युनिकोडला आणलेला तो दुसऱ्या पद्धतीचा. माणसाला एक दिसतो, मशीनला दोन. मग सगळा डेटा चाळला तर अशा जोड्या बऱ्याच निघाल्या, कऱ्हाडकर, गोऱ्हे, बऱ्हाटे, सगळे आपल्याच पट्ट्यातले लोक. नाव एकसारखं करून घेणारं एक छोटंसं फंक्शन लिहिलं, चाळीस-एक ओळींचं. मला विचाराल तर माझ्या आख्ख्या करिअरमधला सगळ्यात चांगला कोड तोच. आणि असं काम अमेरिकेतल्या कुणाला सुचणार पण नाही कारण त्याला ऱ्ह माहितच नाही. मराठीला २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटले आपण, पण सातबारा, आधार, बँक, सोसायटी या चार ठिकाणी एकाच माणसाचं नाव चार तऱ्हेनं लिहिलेलं असतं ते जुळवायचं काम अजून शिल्लकच आहे आणि ते कॉम्प्युटरवाल्यांचंच काम आहे.

तर मुद्दा असा की धंदा निवडा आधी. आमच्या इथं नुसतं बघितलं तरी किती दिसतं. गावोगावच्या विकास सोसायट्या, केंद्रानं २०२२ ला देशातल्या ६३ हजार सोसायट्या कॉम्प्युटरवर आणायची योजना मंजूर केली, अडीच हजार कोटींच्या वरची. सचिव साहेबांचं वय पंचावन्न, त्यांची वही आणि स्क्रीन जुळत नाही, त्यांना शेजारी बसून सांगणारं पोरगं लागतं. सहकारी बँकांचं तर विचारूच नका. ऑगस्ट २०१८ ला पुण्यात कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला होऊन ९४ कोटी गेले, तो दिवस बँकवाले विसरलेले नाहीत. त्याच वर्षी ऑक्टोबरात रिझर्व्ह बँकेनं नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेचे नियम काढले आणि २०१९ च्या डिसेंबरात ते आणखी वाढवले. आता छोट्या बँकेला पण ही सगळी जबाबदारी बघणारा माणूस लागतो, ऑडिट लागतं. माझी एक मैत्रीण हेच करते, इस्लामपूर (आता ईश्वरपूर)-कोल्हापूर-सातारा फिरत बँकांचं आयटी ऑडिट. तिला पायथन येत नाही फारसं, पण बँकेत कॅशियर आणि ऑफिसर एकच पासवर्ड वापरतात का हे ती दारातनं आत आल्या आल्या ओळखते.

चाकण-पिंपरीकडं गाड्यांचं सॉफ्टवेअर आहे. एका कारमध्ये आता डझनावारी छोटे कॉम्प्युटर असतात, ब्रेकचा वेगळा, इंजिनचा वेगळा, ते एकमेकांशी बोलतात. त्याला एम्बेडेड सी लागतं, म्हणजे अशा छोट्या कॉम्प्युटरसाठी वापरतात ती सी ही प्रोग्रामिंगची भाषा, आणि कॉलेजात सी ला नाक मुरडून सगळे वेबसाईट करायला पळतात. दवाखान्यात एक्स-रे आणि एमआरआय साठवायची सिस्टीम असते, ती बघणारा माणूस मिळत नाही म्हणून रेडिओलॉजिस्ट स्वतः वायरी खोचत बसलेला मी मिरजेत बघितलाय. जमिनीच्या नकाशांचं काम आहे, नागपूरला राज्याचं रिमोट सेन्सिंग सेंटरच आहे. टेस्टिंग आहे, ज्याला सगळे कमी समजतात आणि ज्यात बारीक डोक्याची मुलं-मुली खूप पुढं जातात.

सरकारीवाल्यांसाठी पण दोन शब्द, कारण सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसलेल्यांत बीई कॉम्प्युटर किती आहेत ते जाऊन मोजा. एमपीएससी करा, कोण नको म्हणतंय, पण डिग्री कॉम्प्युटरची आणि तीन-चार वर्षं इतिहास-भूगोल पाठ करताना निदान आपल्या डिग्रीच्या परीक्षांचे तरी फॉर्म भरा की. सरकारी बँकांची भरती घेणाऱ्या आयबीपीएसची स्पेशलिस्ट ऑफिसरची परीक्षा असते, त्यात आयटी ऑफिसर, तिथं बीए-बीकॉमची गर्दी नाही. गेटची परीक्षा द्या, स्कोअर तीन वर्षं चालतो, त्यावर एमटेक होतं आणि काही सरकारी भरत्या पण होतात. २०२४ पासून गेटला डेटा सायन्स-एआयचा वेगळा पेपर पण आहे. इस्रोची कॉम्प्युटर सायन्सची भरती निघते. भाच्याला यातलं एक पण माहीत नव्हतं, त्याला फक्त रॅपिडो चालवणाऱ्या इंजिनिअरचे रील्स माहीत होते. प्राध्यापकीचं मात्र जपून, सेट-नेट काढून पण वर्षानुवर्षं सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, तासाला पैसे घेत शिकवणारे माझ्याच बॅचचे दोघं आहेत. परदेशाचं मी काही सांगत नाही, अमेरिकेच्या नवीन एच-वन बी व्हिसाला २०२५ च्या सप्टेंबरात एक लाख डॉलर फी लावली तेव्हापासून आमच्या गल्लीतले अमेरिकेवाले काकासुद्धा सल्ले द्यायचे थांबलेत.

क्लासबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझ्या चुलतभावानं पुण्यात एका क्लासला पैसे भरले, जॉब गॅरंटी. चार महिन्यांनी त्यांनी त्याला सांगितलं फ्रेशरला कोण घेत नाही, आम्ही तुला तीन वर्षांचं एक्सपिरियन्स लेटर देतो, सॅलरी स्लिप देतो, तू फक्त इंटरव्ह्यूत बोल. त्यानं केलं. नोकरी लागली सुद्धा. आणि पाचव्या आठवड्यात व्हेरिफिकेशनवाल्यांनी पीएफचा यूएएन नंबर काढून बघितला, तीन वर्षांत एक रुपया पीएफ जमा नाही, त्याच दिवशी लॅपटॉप परत घेतला. आता खरं सांगून पण त्याला भीती वाटते. क्लास अजून चालू आहे, नवीन बॅच भरली असेल. साहेब, अशा जाहिराती छापताना निदान 'गॅरंटी' या शब्दाचं काय ते विचारा.

आणि एआय. सगळे विचारतात आता कॉम्प्युटर घेऊन उपयोग आहे का. जुलै २०२५ ला टीसीएसनं बारा हजारांवर लोक कमी करणार सांगितलं तेव्हा ताईचा मला रात्री फोन आला होता, याची ॲडमिशन बदलायची का, तो तेव्हा शेवटच्या वर्षाला! मी स्वतः रोज वापरते एआय. डेटातनं माहिती काढायची क्वेरी लिहायला झकास. पण मागच्या हंगामात त्यानं मला गटवार टनेजचा रिपोर्ट लिहून दिला, बघायला एकदम सुरेख, फक्त एकूण टनेज जास्त येत होतं. कारण आमच्याकडं पावती रद्द झाली तरी ती डिलीट करत नाहीत, बाजूला एक खूण करतात, हिशोबाला सापडली पाहिजे म्हणून. ते त्याला कोण सांगणार. मला माहीत होतं कारण त्या खुणेवरनं झालेलं एक भांडण मी समोर उभं राहून ऐकलंय. नुसता कोड लिहिणाऱ्याचं अवघड होत चाललंय हे खरंच आहे, मी खोटं सांगणार नाही, फ्रेशरकडनं जी बारकी कामं करून घ्यायचे तीच आधी गेली. धंदा कळणाऱ्याचं अजून तरी बरं चाललंय.

आता वाईट बाजू, नाहीतर म्हणाल बाई नुसतं कौतुक करतीये. पगार पुण्यात असते तर जो झाला असता त्याच्या निम्मा पण नाही. बंद हंगामात पगाराला उशीर झालेला मी पाहिलाय, एकदा तर दोन महिने. इलेक्शन आलं की कोण कुणाचा माणूस याच्यावर खुर्च्या हलतात. नवीन तंत्र शिकायचं तर स्वतःच्या खर्चानं आणि रात्री. लग्नाच्या बाजारात (माझं झालंय, पण खात्यातल्या पोरांचं सांगते) पुण्यात आयटीत आहे म्हटलं की स्थळ येतं आणि कारखान्यात आयटीत आहे म्हटलं की मुलीचे वडील विचारतात 'म्हणजे नक्की काय?' त्यामुळं सगळ्यांनी गावी या असं मी म्हणत नाही. कर्ज काढून शिकलेल्यानं आधी पुण्यातली मिळेल ती नोकरी धरावी, हप्ते फेडावेत. पण त्या नोकरीत ज्या कंपनीचं काम करताय तिचा धंदा काय आहे, पैसा कुठनं येतो, क्लेम म्हणजे काय, हे विचारायला कुणी बंदी केलेली नाही. मी सात वर्षं विचारलं नाही, ती माझी चूक.

तुम्हाला एक सुचवते, पुढच्या पुरवणीत ते चौकोन कमी करा आणि त्या जागी अशा पाच-सहा लोकांना त्यांचा एक दिवस लिहायला सांगा. बँकेतला, दवाखान्यातला, चाकणमधला, तलाठी ऑफिसचं सॉफ्टवेअर बघणारा. पॅकेज छापायचं तर सगळ्यांचं छापा, वर्गातल्या साठच्या साठ पोरांचं, एकाचं नको.

भाच्याला मी सांगितलंय, गळीत सुरू झालं की नोव्हेंबरात पंधरा दिवस माझ्याकडं राहायला ये, रात्रपाळीला काट्यावर बस. तोवर सी-कॅटचा फॉर्म भर. तो हो म्हणालाय, पण त्याचा पहिला प्रश्न तिथं वायफाय आहे का हा होता. आहे.

आपली नियमित वाचक,
ता. वाळवा, जि. सांगली
(नाव कृपया छापू नये, मला रोज त्याच गेटमधनं आत जायचं आहे)

ता. क. : वरची आडनावं मी बदललेली आहेत, पण ऱ्ह खरा आहे. तुमच्या सॉफ्टवेअरमधनं पेपरात छापून येईपर्यंत त्याचं काय होतं ते बघायला मी त्या दिवशी सगळ्यात आधी हेच पान उघडणार आहे.